उरलेला भोपळा आणि मुखलेप : उरलेले व शिळे यांतील विवेक

भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला की आपल्याकडील बहुतेक घरांत तांबडा भोपळा येतो. श्राद्धाच्या स्वयंपाकातील भाजीसाठी, पुढे घारग्यांसाठी, भरतासाठी तो आणला जातो. अखंड फळ कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकते. मात्र एकदा सुरी लागली की त्याचे दिवस मोजलेले असतात. लहान कुटुंबात एक किलोची फोडसुद्धा एका वेळी संपत नाही. उरलेली फोड फ्रीजमध्ये जाते आणि दोन-तीन दिवसांनी तिचे काय करावे हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो. अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींनी या प्रश्नाला एक तयार उत्तर दिले आहे. उरलेला भोपळा वाटा, त्यात हाताशी असेल ते मिसळा आणि चेहऱ्यावर लावा.

चिकित्सालयात हा प्रश्न आता वारंवार विचारला जातो. अशा वेळी वैद्याकडून दोन प्रकारची उत्तरे मिळताना दिसतात. एक, "हे सगळे खूळ आहे, सोडून द्या." दुसरे, "लावा की, आयुर्वेदात सांगितलेच आहे, नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्या उत्तराने रुग्णा आपल्याला विचारणे सोडते, लावणे सोडत नाही. दुसऱ्या उत्तराने शास्त्राच्या नावावर असे आश्वासन दिले जाते, जे शास्त्राने कधीही दिलेले नाही. या दुसऱ्या उत्तराचा दोष आमच्याकडूनही एकदा घडलेला आहे. त्याचा उल्लेख पुढे ओघाने येईल. प्रस्तुत लेखात या द्रव्याचा परिचय, त्याची उपयुक्तता व मर्यादा, लेपाचा विधी आणि घरी सहज करता येतील असे काही कल्प यांचा विचार केला आहे.

द्रव्यपरिचय

तांबडा भोपळा, लाल भोपळा, काशीफळ, डांगर, खानदेशात गंगाफळ अशा अनेक नावांनी हे फळ ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रात ते कुकुर्बिटा या प्रजातीत मोडते. या प्रजातीचे मूळस्थान अमेरिका खंड होय. कोलंबसाच्या १४९२ मधील प्रवासानंतर जुन्या व नव्या जगात जी वनस्पतींची देवघेव सुरू झाली, तिच्यातून मिरची, बटाटा, टोमॅटो यांप्रमाणे हा भोपळाही आपल्याकडे आला. तेव्हा चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या काळी तो या देशात नव्हता, हे स्पष्ट आहे.

संहितांतील कूष्मांड म्हणजे आपला कोहळा, बेनिन्कासा हिस्पिडा. कूष्मांडावलेह ज्यापासून करतात तो हाच. दोन्ही फळे एकाच कुलातील असली, तरी भिन्न आहेत. कूष्मांडाचे गुण तसेच्या तसे तांबड्या भोपळ्याला चिकटवून "चरकाने सांगितलेला भोपळ्याचा लेप" असे म्हणणे हे शास्त्राशी प्रामाणिकपणाचे नाही. असे विधान चित्रफितीत आढळले, तर ते दुरुस्त करणे हे आपले कर्तव्य आहे.

याचा अर्थ हे द्रव्य आपल्याला वर्ज्य आहे असा मात्र नव्हे. युक्ती व प्रयोजन यांचा विचार करून वापरल्यास जगातील कोणतेही द्रव्य औषध ठरू शकते, हा चरकाचा सूत्रस्थानातील सिद्धांत सर्वपरिचित आहे. नवीन द्रव्य समोर आले, तर रसावरून, प्रत्यक्ष कर्मावरून व अनुभवावरून त्याचे गुण अनुमानाने ठरवावे लागतात. तांबडा भोपळा चवीला मधुर, स्पर्शाला मृदू व पिच्छिल, पचण्यास काहीसा जड असून लावला असता थंडावा देतो. यावरून तो बाह्यतः वातपित्तशामक व रूक्षतानाशक असावा, असे अनुमान निघते, आणि व्यवहारातही तसाच अनुभव येतो. अनुमानाला अनुमानच म्हणावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्वचेवर नेमके काय घडते

कच्च्या भोपळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे नव्वद टक्के पाणी असते. उरलेल्या भागात शर्करा, पिष्ट, पेक्टिनसारखे पिच्छिल तंतू, थोडे क जीवनसत्त्व व नारिंगी रंग देणारे कॅरोटिन ही प्रमुख द्रव्ये होत. शर्करा व पिच्छिल तंतू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे गर त्वचेवर असेतोवर वरचा रूक्ष थर ओलावतो, मऊ होतो आणि पुसताना सुटलेले कोंडे निघून येतात. लेप काढल्यावर त्वचा मऊ व सतेज दिसते त्याचे कारण हे आहे. लगेच वर स्नेह लावला, तर हा ओलावा काही काळ टिकतो. न लावल्यास अर्ध्या-पाऊण तासात तो उडून जातो व त्वचा पूर्वीइतकीच ओढली जाते.

सुश्रुताने भ्राजक पित्ताचे वर्णन करताना अभ्यंग, परिषेक, अवगाह व लेप यांतील द्रव्यांचे पचन ते करते, असे सांगितले आहे. लेपाचे द्रव्य त्वचेवर नुसते बसून राहत नाही, हा त्यातील महत्त्वाचा आशय होय. म्हणूनच जे लावायचे ते अन्नाइतकेच स्वच्छ व ताजे असले पाहिजे.

या द्रव्याविषयीचे दोन गैरसमज येथेच दूर करणे इष्ट ठरेल. भोपळ्यात त्वचारोगांत वापरले जाणारे रेटिनॉइड असते, असे सांगितले जाते. ते खरे नाही. वनस्पतींत रेटिनॉइड नसतात. असते ते कॅरोटिन, आणि त्याचे अ जीवनसत्त्वात रूपांतर प्रामुख्याने आतड्यात, म्हणजे भोपळा खाल्ल्यावर होते. तेव्हा अ जीवनसत्त्व हवे असेल त्याने भोपळ्याची भाजी खावी, तीही थोड्या स्नेहासह, कारण कॅरोटिन स्नेहात विरघळते. दुसरा गैरसमज वर्ण उजळण्याचा. भोपळ्याने व्यंग जात नाही व त्वचेचा मूळ वर्ण बदलत नाही. उलट गर जास्त वेळ ठेवल्यास तात्पुरती पिवळसर झाक मात्र येते. ती धुतल्यावर जाते, तिची चिंता करू नये.

आमची एक चूक

इ. स. २००९ च्या हिवाळ्यातील ही गोष्ट. तालुक्याच्या गावी आमचे चिकित्सालय नवे होते. शाळेत शिक्षिका असलेली, तिशी ओलांडलेली एक रुग्णा रूक्ष त्वचेची तक्रार घेऊन आली. गाल ओढले जात, कोंडे सुटत, साबण लावला की आग होई. वातप्रधान प्रकृती, थंडीचा काळ, रोज खडूच्या धुळीत काम. घरी भोपळा होता, म्हणून आम्ही तिला भोपळ्याचा शिजवलेला गर, मसुराचे पीठ व दूध यांचा लेप आठवड्यातून दोनतीनदा लावण्यास सांगितले. पोटातील औषधे दिली, आहार सांगितला. लेप किती करावा व किती काळ ठेवावा याविषयी मात्र आम्ही एक अक्षरही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा दोन्ही गालांवर व हनुवटीवर पूययुक्त पुळ्या उठल्या होत्या. विचारपूस केली तेव्हा सारे उलगडले. रोज सकाळी शाळेची घाई असल्याने तिने रविवारी एकदाच मोठी वाटी भरून लेप केला होता व तोच फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या रविवारपर्यंत वापरत होती. त्या दिवसांत भारनियमनामुळे गावात रोज कित्येक तास वीज नसे. म्हणजे दूध व शिजलेला गर असलेले ते मिश्रण रोज गार होत होते, कोमट होत होते, पुन्हा गार होत होते. शेवटी वाटीला आंबूस वास येई, पण "नैसर्गिक आहे, थोडा वास यायचाच" असे समजून तिने तो लावला.

तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न पंधरा दिवसांवर होते. ती रागावली नाही. तिने इतकेच विचारले, "डॉक्टर, तुम्ही तर काही अपाय होणार नाही म्हणाला होतात ना?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. लेप तत्काळ बंद केला, त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन सांगितले आणि पूय वाढत असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. पुळ्या बऱ्या झाल्या. डाग जाण्यास मात्र काही महिने लागले. बहिणीच्या लग्नातील छायाचित्रांत ती कुठेही पुढे उभी नाही, हे तिने नंतर हसत सांगितले. आम्हांला ते हसण्यावारी नेता आले नाही.

त्या रात्री आम्ही सुश्रुत संहितेतील सूत्रस्थानाचा अठरावा अध्याय पुन्हा काढून वाचला. लेप पर्युषित, म्हणजे रात्र उलटून शिळा झालेला, कधीही वापरू नये, असे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. लेपावर लेप चढवू नये, एकदा वापरून वाळलेला लेप पुन्हा लावू नये, हेही तेथेच आहे. हे सारे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केलेले होते. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. ते रुग्णाला सांगायचे असते, हे मात्र सुचले नव्हते.

उरलेले व शिळे

या अनुभवातून एक साधा भेद आमच्या मनात पक्का झाला. उरलेले आणि शिळे हे एक नव्हे. कापलेल्या फळाची न शिजवलेली, स्वच्छ झाकलेली फोड ही उरलेली आहे. वाटून, शिजवून, दुधात कालवून रात्रभर ठेवलेला लेप हा शिळा आहे, मग तो फ्रीजमध्ये का असेना. अखंड पेशींचा गर बराच काळ स्वतःचे रक्षण करतो. तो वाटला की रस बाहेर येतो, साखर व पाणी एकत्र मोकळे होतात आणि जंतूंना वाढीस उत्तम माध्यम मिळते. थंडीमुळे ही वाढ मंदावते, थांबत नाही. बाजारातील पाणी असलेल्या प्रसाधनांत परिरक्षक द्रव्ये घालावी लागतात ती याच कारणाने. घरी ती घालता येत नाहीत, म्हणून घरच्या लेपाचा एकमेव परिरक्षक म्हणजे ताजेपणा.

यासाठी रुग्णांना सांगण्याचे नियम आम्ही असे ठरविले आहेत.

१. कापलेली कच्ची फोड बिया व आतील धागेदार मगज काढून, कोरड्या स्वच्छ कापडात अथवा झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी व तीन दिवसांच्या आत संपवावी. आतील मगज सर्वांत आधी नासतो, तो ठेवू नये.

२. वापरण्यापूर्वी फोडीचा उघडा पडलेला पृष्ठभाग बोटाच्या जाडीइतका कापून टाकावा. बुळबुळीतपणा, आंबूस वास, बुरशी दिसल्यास संपूर्ण फोड टाकावी.

३. जिभेवर कणभर ठेवून पाहावे. कडू लागल्यास असा भोपळा खाऊही नये व लावूही नये. या कुलातील फळांचा कडवटपणा कुकुर्बिटॅसिन या तीक्ष्ण द्रव्यांमुळे असतो.

४. फोडणी, मीठ, तिखट, मसाला पडलेली भाजी, तसेच गूळ घातलेले घारग्यांचे सारण त्वचेसाठी वापरू नये. ते उरले तर खावे.

५. लेप एका वेळेपुरताच करावा. उरलेला लेप हातापायांना लावून संपवावा अथवा झाडाच्या मुळाशी टाकावा. वाटीत झाकून ठेवू नये.

हे पाच नियम आम्ही चिठ्ठीच्या मागील बाजूस छापून घेतले आहेत. तोंडी सांगितलेले निम्मे विसरले जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

घरी करता येतील असे कल्प

पहिला कल्प, रूक्ष त्वचेसाठी. साल काढलेली फोड आठ-दहा मिनिटे वाफवून कुस्करावी व पूर्ण निवू द्यावी. दोन मोठे चमचे गर, एक लहान चमचा बारीक चाळलेले मसुराचे पीठ आणि एक लहान चमचा उकळून निवविलेले दूध एकत्र करावे. त्वचा अतिशय रूक्ष असल्यास त्यात चार-पाच थेंब तीळतेल अथवा तेवढेच तूप मिसळावे. वाफविल्याने तंतू मऊ होतात, गर एकजीव होतो व पृष्ठभागावरील जंतूही कमी होतात, म्हणून चेहऱ्यासाठी आम्ही कच्च्या गरापेक्षा वाफविलेला गर पसंत करतो.

दुसरा कल्प, तेलकट त्वचेसाठी. वरीलप्रमाणेच वाफविलेला गर दोन मोठे चमचे, मसुराचे पीठ दीड लहान चमचा, दूध व तेल अजिबात नाही. वैद्याच्या सल्ल्याने चिमूटभर लोध्रचूर्ण घालता येते. यौवनपिडकांवर लोध्र, धणे व वेखंड यांचा लेप ग्रंथप्रसिद्ध आहे. त्याची जागा भोपळा घेऊ शकत नाही. लोध्राची रूक्षता सौम्य करणारे अनुकूल माध्यम, एवढीच भोपळ्याची येथे भूमिका आहे.

तिसरा कल्प, हातापायांच्या खरखरीतपणासाठी. वाटीभर वाफविलेला गर, एक मोठा चमचा तीळतेल, एक मोठा चमचा तांदळाचे पीठ. हात व पाय कोमट पाण्याने धुऊन या मिश्रणाने हलक्या हाताने उद्वर्तन करावे, दहा मिनिटांनी धुवावे व टाचांना सिक्थतैल लावावे. भांडी घासून व कपडे धुऊन हात फाटलेल्या स्त्रियांना हा कल्प चेहऱ्याच्या लेपापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे, आणि तो सांगितल्यावर "हातांसाठीही काही सांगता येते का?" असे आश्चर्य त्या व्यक्त करतात. त्यांच्या हातांविषयी आपण आपण होऊन विचारत नाही, हे त्यामागचे कारण असावे.

चौथा कल्प, बियांचा कल्क. भोपळ्यातील जे खरोखर साठविता येते ते बी होय. बिया मगजातून सोडवून, धुऊन, तीन-चार दिवस सावलीत कडकडीत वाळवाव्या व कोरड्या बरणीत ठेवाव्या. बियांच्या आतील मगजात वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक स्नेह असतो. एक मोठा चमचा सोललेल्या बिया चार तास पाण्यात भिजवून, उकळून निवविलेल्या दुधात गंधासारख्या वाटाव्या. हा कल्क रूक्ष गाल, कोपर व गुडघे यांवर उत्तम लागतो. वाटलेला कल्क मात्र त्याच वेळी संपवावा. बी साठवावे, वाटण साठवू नये.

लेपाचा विधी

मुखलेपाचा विधी वाग्भटाने सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात थोडक्यात पण परिपूर्ण सांगितला आहे. दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे मुखलेपाचे तीन प्रकार असून त्याच्या जाडीची चतुर्थांश, तृतीयांश व अर्धा अंगुळ अशी तीन प्रमाणे आहेत. वात व कफ यांत लेप उष्ण असावा, अन्यत्र शीत. म्हणून थंडीत वातप्रधान रुग्णेला फ्रीजमधून काढलेला गार लेप लावण्यास सांगणे चुकीचे ठरते. तिच्यासाठी तो कोमट असावा. उष्णता नेहमी मनगटाच्या आतील बाजूस तपासावी.

ओलसर गर जाड लावला तर तो ओघळतो. त्यासाठी धुतलेल्या मऊ सुती कापडाच्या पट्टीवर लेप पसरून ती पट्टी गालांवर व कपाळावर ठेवावी. डोळे, नाकपुड्या व ओठ मोकळे ठेवावे. लेप वाळू देऊ नये, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. ओला लेप हितकर होतो, वाळलेला लेप छवी बिघडवितो, असे आचार्य सांगतात. प्रत्यक्षातही वाळणारा लेप त्वचेतील ओलावा ओढून घेतो व काढताना ओरखडे पाडतो. बाजारातील पद्धतींत "कडक होईपर्यंत ठेवा" असे सांगितले जाते, ते आपल्या विधीच्या नेमके उलट आहे. भोपळ्याच्या लेपासाठी दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. नंतर कोमट पाण्याने भिजवून तो अलगद काढावा व लगेच दोन-तीन थेंब तेल अथवा तूप लावून हलका अभ्यंग करावा. तेलकट व पिडकायुक्त त्वचेत हा अभ्यंग टाळावा.

लेप दिवसा लावावा, रात्री लावू नये. लेप असताना अतिबोलणे, शोक, क्रोध, अग्नी व ऊन यांचा संपर्क व दिवास्वाप वर्ज्य सांगितला आहे. चेहऱ्याच्या हालचालीने लेप तडकतो व उष्णतेने लवकर वाळतो, हे लक्षात घेतले की या सूचनांमागील व्यवहार कळतो. पीनस, अजीर्ण, अरुची, जागरण, हनुग्रह यांत आणि नस्य दिले असता मुखलेप देऊ नये. आठवड्यातून दोन वेळा एवढी मात्रा पुरेशी आहे.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी परीक्षण अवश्य करावे. कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर लेप पंधरा मिनिटे ठेवून धुवावा व दोन दिवस निरीक्षण करावे. खाज, लाली, पुरळ दिसल्यास तो लेप त्या व्यक्तीसाठी नाही. खाण्यास चालणारे द्रव्य लावण्यास चालतेच असे नाही.

काय मिसळू नये

चित्रफितींतील कृतींत भोपळा बहुधा निरुपद्रवी असतो, अपाय होतो तो त्यात मिसळलेल्या द्रव्यांनी. लिंबाचा रस तीव्र आम्ल असून त्याने त्वचा पोळते. लिंबू लावून उन्हात गेल्यास काळे चट्टे पडू शकतात. खाण्याचा सोडा क्षारधर्मी आहे, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. तो थर सोड्याने विस्कटतो. दालचिनी परदेशी कृतींत भोपळ्याबरोबर हमखास येते, कारण तिकडे भोपळ्याच्या गोड पदार्थांत ती घालतात. चेहऱ्यावर ती दाह व ॲलर्जी उत्पन्न करू शकते. दंतमंजन, कापूर, भरड साखर यांचाही मोह टाळावा. डबाबंद भोपळ्यात काय मिसळले आहे हे पाहिल्याशिवाय तो वापरू नये.

केव्हा नको म्हणावे

स्रावी विचर्चिका, पूययुक्त पिडका, नागीण, भाजलेली अथवा सोललेली त्वचा, नुकतेच केलेले वॅक्सिंग वा लेसर, तसेच रेटिनॉइडची चिकित्सा चालू असलेले रुग्ण यांना हा लेप देऊ नये. मधुमेही रुग्णाच्या पायांची संवेदना कमी असल्यास टाचांवर उद्वर्तन करू नये. आधी पाय तपासावे.

दोन प्रसंगी विशेष सावध राहावे. एक, चेहरा सतत लाल, पातळ, उन्हात जळजळणारा व बारीक केशवाहिन्या दिसणारा असल्यास आधी "कोणते मलम लावता?" हे विचारावे, आणि शक्य तर नळी आणावयास सांगावी. गोरेपणासाठी अथवा डागांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली स्टेरॉइडयुक्त मलमे वर्षानुवर्षे लावणाऱ्या रुग्णा आजही येतात. अशी मलमे एकाएकी सोडल्यास दाह उसळतो, आणि त्या वेळी घरगुती लेप दिल्यास दोष लेपावर येतो व रुग्णा पुन्हा मलमाकडे वळते. अशा रुग्णेस त्वचारोगतज्ज्ञांच्या साहाय्याने क्रमाक्रमाने सोडवावे लागते. दुसरे, चेहऱ्यावरील फिकट अथवा तांबूस चट्टा. रूक्षता समजून महिनोन्‌महिने लेप लावण्यापूर्वी कापसाच्या टोकाने त्या जागेची संवेदना तपासावी. चट्टा बधिर असल्यास कुष्ठरोगाची शक्यता ध्यानात घेऊन तत्काळ शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो व वेळेवर उपचाराने विकृती टळते. येथे गमावलेले महिने कोणताही लेप परत देऊ शकत नाही.

समारोप

उरलेल्या भोपळ्याचा लेप ही मोठी चिकित्सा नव्हे. रूक्ष त्वचेला थोडा ओलावा, खरखरीत हातांना थोडी मृदुता, आणि स्वतःच्या शरीराकडे पंधरा मिनिटे लक्ष देण्याची सवड, एवढे त्याचे देणे आहे. ते कमी नाही. खर्च जवळजवळ काही नाही, फळ वाया जात नाही, आणि महागड्या व अज्ञात मलमांपासून एखादी रुग्णा दूर राहिली, तर त्याचे मोल अधिकच. मात्र हे सारे तेव्हाच, जेव्हा लेप ताजा असेल, विधिपूर्वक असेल आणि योग्य व्यक्तीला दिलेला असेल.

वैद्यबंधु-भगिनींना एक विनंती. घरगुती उपाय सांगताना औषधाइतक्याच काटेकोरपणे मात्रा, काल, विधी व निषेध सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. "नैसर्गिक आहे" हे वाक्य सूचनांच्या जागी वापरू नये. ती शिक्षिका आजही आमच्याकडे येते. थंडीत भोपळ्याचा लेपही लावते, एका वेळेपुरता वाटून. मागील खेपेस तिने आपल्या विद्यार्थिनींना हा कल्प शिकविल्याचे सांगितले. कृती फळ्यावर लिहिली का, असे विचारले असता ती म्हणाली, "कृती नंतर लिहिली, डॉक्टर. आधी मोठ्या अक्षरांत लिहिले, शिळा लेप लावू नये."